‘एव्हरीवन’ला दिलेलं आज परत घ्या

पतसंस्था, गृहनिर्माण सोसायट्या, दवाखाने, शाळांची कार्यालयं, कर सल्लागार, डीटीपीवाले आणि एकच संगणक चौघांत वापरणारी कुटुंबं, या सगळ्यांना हे आवाहन आहे. आज संध्याकाळी मशीन बंद करण्याआधी थोडा वेळ काढा. ज्या फोल्डरवर तुमचं सगळं काम चालतं, त्यावर राइट क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’ उघडा, ‘सिक्युरिटी’वर जा आणि तिथली नावं वाचा. त्या यादीत ‘एव्हरीवन’ असेल आणि खाली ‘फुल कंट्रोल’पुढे बरोबरची खूण असेल, तर ती खूण माझ्यासारख्याच एखाद्या माणसाने केलेली आहे, आणि ती तशीच राहू देणं आता परवडणारं नाही.

मी वीसेक वर्षं संगणक दुरुस्तीचं काम करतो. फोन ठरलेला असतो : “अहो, फाइल उघडत नाही, अ‍ॅक्सेस डिनाइड म्हणतंय, आणि ऑडिटर समोर बसलेत.” मी जातो. राइट क्लिक, प्रॉपर्टीज, सिक्युरिटी, एडिट, अ‍ॅड, एव्हरीवन, फुल कंट्रोल, ओके. चहा यायच्या आत फाइल उघडलेली असते. निघताना मी सांगतो, “तात्पुरतं उघडून दिलंय, नंतर येऊन नीट करतो.” या वीस वर्षांत ते ‘नंतर’ एकदाही उजाडलं नाही. मालकाला आठवण राहत नाही, मला दुसरा फोन आलेला असतो, आणि काम तर चालू असतंच.

एका कार्यालयात याची किंमत मोजताना मी समोर होतो. पाच मशीन, एकाच्या डी ड्राइव्हवर सगळा हिशेब, बाकीच्या चारांना तो नेटवर्कवरून दिसायचा. दोन वर्षांपूर्वी तिथला स्कॅनर त्या मशीनवर फाइल टाकेना म्हणून मी आख्खा डी ड्राइव्हच शेअर करून ‘एव्हरीवन’ला मोकळा केला होता. स्कॅनरला एक फोल्डर पुरला असता. मग एके दिवशी काउंटरवरच्या मुलीने मेलमधून आलेलं एक ‘बिल’ उघडलं. अर्ध्या तासाने हिशेबनीस म्हणाले, खतावणी उघडत नाहीये. मी पोचलो तेव्हा प्रत्येक फाइलच्या नावामागे एक अनोळखी शेपूट चिकटलेलं होतं आणि प्रत्येक फोल्डरमध्ये पैसे मागणारी एक चिठ्ठी पडलेली होती. ‘बॅकअप’ नावाचं फोल्डरही त्याच डी ड्राइव्हवर होतं. तेही गेलं.

वाचलं ते एका सवयीमुळे. खजिनदार मार्चअखेरची एक प्रत बाहेरच्या हार्डडिस्कवर घेऊन ती घरी कपाटात ठेवायचे. मार्चनंतरचे तीन महिने व्हाउचरं आणि पावतीपुस्तकं समोर घेऊन पुन्हा टाइप करावे लागले. त्या मुलीला सगळे बोलले. तिची चूक होतीच, पण तिला दिवसभरात पावत्यांचं एक फोल्डर लागायचं. आख्ख्या डी ड्राइव्हवर लिहायचा अधिकार तिच्या मशीनला मी दिला होता. मला कोणी काही बोललं नाही, कारण ती खूण कोणी केली हे कोणालाच आठवत नव्हतं. मला आठवत होतं.

खंडणी मागणाऱ्या या व्हायरसबद्दल एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. त्याला बहुतेक वेळा तुमचं काही फोडावं लागत नाही. ज्या खात्यातून तो सुरू होतो, त्या खात्याचे अधिकार तो वापरतो. तुम्हाला जी फाइल फक्त वाचता येते, तिच्यावर त्याला लिहिता येत नाही. तुम्हाला जी बदलता येते, ती त्याचीही झाली. म्हणून कुठल्या फोल्डरवर कोणाला किती हात घालता येतो, या प्रश्नावर सगळं नुकसान अवलंबून असतं.

आजच का?

14 ऑक्टोबर 2025 रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज 10चा नेहमीचा आधार बंद केला. तेव्हापासून जुनी मशीन बदलण्याची लाट चालू आहे. नवं मशीन येतं, जुन्याची हार्डडिस्क काढून त्याला जोडतात, आणि फोल्डर उघडायला गेलं की पाटी येते : तुम्हाला परवानगी नाही. कारण जुन्या मशीनवरचा ‘अकाउंट्स’ नावाचा वापरकर्ता आणि नव्या मशीनवरचा ‘अकाउंट्स’ ही विंडोजच्या लेखी दोन वेगळी माणसं असतात. विंडोज नाव बघत नाही, खात्याला मिळालेला एक लांबलचक क्रमांक बघतं. सिक्युरिटीच्या यादीत एस-1-5-21 अशी सुरुवात असलेली आकड्यांची आगगाडी दिसली, तर तो तुमचा जुना वापरकर्ता समजा. मशीन गेलं, क्रमांक मागे राहिला.

इथेच घाई होते. परवानगी मिळेना म्हटल्यावर आख्ख्या डिस्कची मालकी घ्यायची, ‘एव्हरीवन’ला फुल कंट्रोल द्यायचा आणि मोकळं व्हायचं. दहा वर्षांचे पगार, सभासदांचे आधार आणि पॅन, रुग्णांचे कागद, सगळं एका क्लिकसरशी उघडं. या वर्षी अशा घाईच्या दुरुस्त्या गावोगाव चालल्या आहेत, म्हणून आवाहनाची घाई.

‘एव्हरीवन’ म्हणजे नक्की कोण?

बहुतेकांना वाटतं, एव्हरीवन म्हणजे ऑफिसातले आपण सगळे. तसं नाही. त्या मशीनपर्यंत पोचणारं प्रत्येक खातं त्यात येतं, चालू असेल तर ‘गेस्ट’सुद्धा. त्यात कोणी पासवर्डशिवायचं शेअरिंग सुरू करून ठेवलं असेल, तर तुमच्या वायफायवर आलेला कोणीही एव्हरीवन होतो. आणि वायफायचा पासवर्ड बऱ्याच ठिकाणी पाण्याच्या कूलरवर चिकटवलेला असतो.

दुसरी गफलत डी ड्राइव्हची. “सी फॉरमॅट होतो, म्हणून डेटा डीमध्ये ठेवा,” हा सल्ला आम्हीच वर्षानुवर्षं दिला. बॅकअपच्या दृष्टीने त्यात थोडाफार अर्थ होता. पण सी ड्राइव्हवर तुमच्या नावाचं जे फोल्डर असतं, ते दुसऱ्या साध्या खात्याला उघडत नाही. डी ड्राइव्हवर असा आडपडदा नसतो. विंडोज नवा ड्राइव्ह फॉरमॅट करतं तेव्हा त्यावर ‘ऑथेंटिकेटेड युजर्स’ना, म्हणजे त्या मशीनवर लॉगिन करणाऱ्या कोणालाही, फायली बदलण्याचा अधिकार देऊन ठेवतं. घरी मुलाला वेगळं खातं काढून दिलं म्हणून निर्धास्त असाल, तर त्याच्या खात्यातून तुमच्या डी ड्राइव्हवरची विवरणपत्रं एकदा उघडून बघा. उघडतील. पुसताही येतील.

अशी चूक छोट्या ऑफिसातच होते असं नाही. जुलै 2021मध्ये उघड झालं की विंडोज 10च्या 1809 आवृत्तीपासून पुढे एका महत्त्वाच्या फाइलवरचा अधिकार ढिला राहिला होता. ‘सॅम’ नावाच्या त्या फाइलमध्ये खात्यांच्या पासवर्डांचे सांकेतिक ठसे असतात. ती वाचण्याचा अधिकार साध्या वापरकर्त्यांच्या गटाकडे गेला होता. चालू मशीनवर ती फाइल अडकवून ठेवलेली असते, पण विंडोज मागे ठेवत असलेल्या जुन्या प्रतींतून ती वाचता यायची. या चुकीला ‘हाइव्हनाइटमेअर’ असं नाव पडलं. ऑगस्टमध्ये दुरुस्ती आली, आणि सोबत सूचना आली की आधीच्या त्या जुन्या प्रती ज्याच्या त्याने स्वतः पुसाव्यात. आपल्यालाही हे लागू आहे. मूळ फोल्डर आज बंद केलं, तरी त्याची गेल्या वर्षीची प्रत दुसऱ्या मशीनवर उघडीच असेल, तर काम अर्धंच झालं.

तपासणी आणि दुरुस्ती : याच क्रमाने

पहिलं काम प्रत घेण्याचं. कामाचं सगळं फोल्डर बाहेरच्या हार्डडिस्कवर उतरवा आणि ती डिस्क मशीनपासून काढून ठेवा. जोडलेली डिस्क हा बॅकअप नव्हे, हे वरच्या प्रसंगात दिसलंच.

दुसरं, काय काय वाटलं गेलंय ते बघा. स्टार्टच्या बटणावर राइट क्लिक करून ‘कॉम्प्युटर मॅनेजमेंट’, तिथे ‘शेअर्ड फोल्डर्स’ आणि त्यात ‘शेअर्स’. ज्या नावांच्या शेवटी डॉलरची खूण आहे, म्हणजे सी डॉलर, अ‍ॅडमिन डॉलर, आयपीसी डॉलर, ती विंडोजची स्वतःची. त्यांना हात लावू नका. बाकीचं प्रत्येक नाव वाचा आणि विचारा, हे कोणासाठी होतं? उत्तर येत नसेल तर ते शेअरिंग थांबवा. फाइल पुसली जात नाही, फक्त नेटवर्कवरून दिसायची थांबते. कोणाला खरंच लागत असेल तर तासाभरात ओरड येईलच.

तिसरं, कामाच्या फोल्डरची ‘सिक्युरिटी’ यादी एका कागदावर उतरवा, किंवा मोबाइलवर फोटो काढा. जरा हात बसलेला असेल तर कमांड प्रॉम्प्टमध्ये आय, सी, ए, सी, एल, एस ही अक्षरं जोडून होणारा आदेश आहे. त्याच्या ‘सेव्ह’ पर्यायाने आत्ताचे सगळे अधिकार एका फाइलमध्ये लिहून ठेवता येतात, आणि घोळ झालाच तर ‘रिस्टोअर’ने होते तसे परत आणता येतात. परतीची वाट असल्याशिवाय पुढे जाऊ नका.

चौथं, आधी योग्य नावं जोडा, मगच एव्हरीवन काढा. उलट केलंत तर सोमवारी सकाळी सगळं ऑफिस दाराबाहेर उभं राहील. ज्याला फक्त बघायचंय त्याला ‘रीड’. ज्याला लिहायचंय त्याला ‘मॉडिफाय’. फुल कंट्रोल रोजच्या कामाला कोणालाच लागत नाही. मॉडिफायवाला फाइल उघडतो, बदलतो, पुसतो. फुल कंट्रोलवाल्याला यावर आणखी दोन गोष्टी करता येतात : दुसऱ्यांचे अधिकार बदलणं आणि मालकी स्वतःकडे घेणं. काउंटरवर याची गरज काय? ‘सिस्टीम’ आणि ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटर्स’ ही दोन नावं मात्र यादीत राहू द्या.

एव्हरीवन काढता येत नसेल, ओळ करडी दिसत असेल, तर तो अधिकार वरच्या फोल्डरकडून वारशाने आलेला आहे. शक्य असेल तर वरच जाऊन काढा. नाहीतर ‘अ‍ॅडव्हान्स्ड’मध्ये ‘डिसेबल इनहेरिटन्स’ दाबा. तिथे दोन पर्याय येतात. आलेले अधिकार तसेच ठेवून स्वतःचे करून घेणारा, म्हणजे ‘कन्व्हर्ट’वाला निवडा. ‘रिमूव्ह’ निवडलंत तर वारशाने आलेले सगळेच अधिकार उडतील. आणि ‘डिनाय’च्या खुणा करत बसू नका. नाकारलेला अधिकार दिलेल्या अधिकारावर मात करतो, आणि सहा महिन्यांनी साहेबांनाच फाइल का उघडत नाही याचा पत्ता लागत नाही. ज्याला द्यायचं नाही त्याचं नाव यादीत नसणं पुरेसं आहे.

पाचवं, शेअरिंगचे अधिकार आणि सिक्युरिटीचे अधिकार या दोन वेगळ्या याद्या आहेत. नेटवर्कवरून येणाऱ्याला दोन्ही लागू होतात आणि त्यातली जी जास्त कडक ती चालते. म्हणून एक बघून थांबू नका. शेवटी ‘अ‍ॅडव्हान्स्ड’मधल्या ‘इफेक्टिव्ह अ‍ॅक्सेस’मध्ये एकेकाचं नाव घालून त्याच्या हाती खरोखर काय पडतंय ते बघा, आणि त्या माणसाला त्याच्या मशीनवरून एक फाइल उघडायला, बदलायला आणि छापायला लावा.

फाइल एका फोल्डरमधून दुसऱ्यात हलवलीत तरी लक्ष ठेवा. एकाच ड्राइव्हवर हलवलेली फाइल आपले जुने अधिकार सोबत घेऊन जाऊ शकते. ‘खासगी’ नावाच्या फोल्डरमध्ये टाकली म्हणून ती खासगी झाली असं धरून चालू नका, उघडून बघा.

हे करू नका

आख्ख्या सी ड्राइव्हची मालकी घेऊ नका. विंडोजच्या स्वतःच्या पुष्कळशा फायलींचा मालक ‘ट्रस्टेड इन्स्टॉलर’ नावाचं खातं असतं. ते नाव बघून व्हायरस समजणारे लोक मी पाहिले आहेत, आणि त्याला हाकलून अपडेट घेणं बंद पाडलेली मशीनही दुरुस्त केली आहेत. तुमच्या डेटाच्या फोल्डरवर अधिकार पुन्हा मूळपदावर आणायला कमांड प्रॉम्प्टच्या वरच्याच आदेशाचा ‘रीसेट’ पर्याय चालतो. विंडोजच्या आणि ‘प्रोग्राम फाइल्स’च्या फोल्डरवर तो चालवू नका. तिथले अधिकार बिघडलेच असतील, तर डेटा न पुसता विंडोज त्याच जागी पुन्हा बसवणं हाच शहाणपणाचा मार्ग.

लिनक्सवाल्यांची सवय वेगळी, रोग तोच. तिथे वाचण्याचे 4, लिहिण्याचे 2 आणि चालवण्याचा 1, असे आकडे मिळवून अधिकार लिहितात : पहिला अंक मालकाचा, दुसरा गटाचा, तिसरा बाकी जगाचा. 644 म्हणजे मालकाने लिहावं, इतरांनी वाचावं. 777 म्हणजे सगळ्यांनी सगळं करावं, म्हणजेच आपला एव्हरीवन आणि फुल कंट्रोल. काही चालेना की ‘सीएचमॉड 777’ मारणारे आहेत. मुळापासून सगळ्या डिस्कवर मारलंत तर अ‍ॅडमिनचे अधिकार देणारा ‘सुडो’ आदेशच काम करायचं नाकारेल. त्याची नियमांची फाइल कोणीही बदलू शकेल अशी उघडी राहणंही त्याला मान्य नसतं. उबुंटूने 21.04 आवृत्तीपासून नव्या वापरकर्त्याचं होम फोल्डर इतरांना बंद, म्हणजे 750 केलं. पण जुन्या मशीनवर नवी आवृत्ती चढवली असेल तर आधीचं होम 755वरच राहतं. शाळेच्या लॅबमध्ये हे एकदा बघाच.

मॅकवर पूर्वी ‘रिपेअर डिस्क परमिशन्स’ नावाचं बटण असायचं. ते 2015च्या एल कॅपिटनमध्ये गेलं. तेव्हापासून सिस्टीमच्या फायलींना मॅक स्वतःच कुलूपबंद ठेवतो. त्यामुळे परवानग्या दुरुस्त करून देतो म्हणणारं बाहेरचं सॉफ्टवेअर पैसे मागत असेल, तर देऊ नका. तुमच्या फोल्डरचं ‘गेट इन्फो’ उघडून ‘शेअरिंग अँड परमिशन्स’मध्ये ‘एव्हरीवन’पुढे काय लिहिलंय ते बघितलं की झालं.

आणि रोजचं काम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर खात्यातून करणं थांबवा. 27 जून 2017 रोजी नॉटपेट्या नावाचा व्हायरस पसरला तेव्हा न्हावा शेवाच्या जवाहरलाल नेहरू बंदरातलं मर्स्क समूहाकडून चालणारं टर्मिनल अडकलं होतं. एका मशीनमधून अ‍ॅडमिनचे पासवर्ड उचलून दुसऱ्यात शिरणं, हा त्याच्या पसरण्याचा एक मोठा मार्ग होता. कंटेनर हलवणाऱ्यांची ही गत, तर आपल्या पाच मशीनचं काय? रोजच्या कामाला साधं खातं काढा. अ‍ॅडमिनचा पासवर्ड वेगळा ठेवा आणि लागेल तेव्हाच वापरा.

यानेही भागत नाही तिथे

अधिकारांची ही यादी फाइलभोवतीचं कुंपण आहे. फाइल त्याच मशीनवर, त्याच विंडोजच्या देखरेखीखाली असेतोवरच ते कामाचं. फॅट किंवा एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर हे अधिकार लिहायला जागाच नसते. त्यावर उतरवलेली फाइल ज्याच्या हाती पेनड्राइव्ह त्याची. जुनी हार्डडिस्क दुसऱ्या मशीनला लावून मालकी घेणं तर किती सोपं असतं, ते वर सांगितलंच. मी ते रोज करतो. तेव्हा विंडोज 10चं मशीन भंगारात किंवा एक्स्चेंजमध्ये देताना “लॉगिनला पासवर्ड आहे” या भरवशावर राहू नका. डिस्क काढून घ्या, किंवा पूर्ण पुसून द्या. नव्या मशीनला जमेल तर डिस्कच सांकेतिक करून ठेवणारं ‘बिटलॉकर’ लावा आणि त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून कपाटात ठेवा. त्याच मशीनवर नको.

ज्यांच्याकडे लोकांची माहिती आहे त्यांना आणखी एक गोष्ट सांगायला हवी. डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण अधिनियम 2023 साली संमत झाला आहे. माहिती जपण्यासाठी वाजवी उपाय न करणाऱ्याला होणाऱ्या दंडाची कमाल मर्यादा त्यात 250 कोटी रुपये आहे. एवढा दंड सोसायटीच्या कार्यालयाला कोणी लावणार नाही, हे मलाही कळतं. पण “उपाय काय केलेत?” असा प्रश्न उद्या आला, तर “आमच्या संगणकवाल्याने तात्पुरतं उघडून दिलं होतं” हे उत्तर मी तुमच्या तोंडी देऊ इच्छित नाही.

माझ्या धंद्यातल्या मित्रांनो, ही विनंती तुम्हालाही आहे. ग्राहक घाईत असतो, आपला पुढचा फोन वाजत असतो, आणि एव्हरीवन टाइप करायला काही सेकंद लागतात. योग्य नाव शोधून जोडायला दहा मिनिटं लागतात, त्याचे पैसे मागायला लाजू नका. आणि खरोखर तात्पुरतं उघडावं लागलंच, तर त्या कार्यालयाच्या वहीत एक ओळ लिहा : कुठलं फोल्डर, कोणाला, कशासाठी, किती तारखेपर्यंत. खाली सही करा. सही केलेलं माणूस विसरत नाही.

मी माझ्या जुन्या ग्राहकांची यादी काढली आहे आणि एकेकाकडे जाऊन, पैसे न घेता, मी केलेल्या खुणा पुसतो आहे. सगळ्यांकडे मी पोचणार नाही, आणि खुणा करणारा मी एकटाही नव्हतो. म्हणून तुम्ही माझी वाट बघू नका. मशीन चालू आहे तोवर फोल्डरवर राइट क्लिक करा, आणि यादीतल्या प्रत्येक नावाला विचारा, तू कोण आणि इथे कशाला? ज्याचं उत्तर तुम्हाला देता येणार नाही, त्याचं नाव आज रात्री तिथे राहता कामा नये.

आपला,
संगणक दुरुस्तीवाला